ओला कचरा आणि पत्र्यावरचं पाणी: वस्तीत शिकवायला जायचंय, काय सांगू?

पागोळी | ९ मे २०२५, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मुलुंड पूर्वेला राहते, २४ बिऱ्हाडांची बिल्डिंग. लग्न होऊन आले तेव्हापासून २०१८ साली डंपिंग बंद होईपर्यंत वारा फिरला की धावत जाऊन खिडक्या लावायच्या, हा आमचा दिनक्रम. पाहुणे यायचे असले की आधी उदबत्ती, मग बाकीचं. मुंबईचा कचरा कुठे जातो हे आम्हा मुलुंडकरांना कुणी सांगावं लागलं नाही, नाकाला ठाऊक होतं. पुढे गाड्या कांजूरला वळल्या. आता त्या जागेचंही खरं नाही. परवा २ मेला उच्च न्यायालयाने ती जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मागच्या आवारात खत करायला घेतलं. दोन निळी पिंपं आणली, भोकं पाडली, नारळ फोडला, नोटीस बोर्डावर कागद लावला. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरच्या काकू रात्री साडेनऊला नाकाला पदर लावून दारात उभ्या. खाली जाऊन झाकण उचललं तर आतल्या बाजूला पांढऱ्या अळ्या, उपम्यातल्या शेवया चिकटाव्यात तशा. तळाला काळं पाणी. तातडीची मीटिंग झाली आणि ज्यांनी नारळ फोडला होता तेच "मी आधीच म्हणत होतो" म्हणाले.

चूक साधी होती. सगळे फक्त ओला कचरा टाकत होते. सुका पाला टाका असं नोटीशीत होतं, पण नोटीस वाचतो कोण? मार्ग काढला आमच्या सफाईवाल्या दादांनी. त्यांनी पिंपाशेजारी पाल्याची गोणी टांगली, तिला दोरीने जुना डालड्याचा डबा बांधला आणि महिनाभर रोज सकाळी आठला तिथे उभे राहिले. एक डबा कचरा, दोन डबे पाला. कुणी नुसता कचरा टाकून निघालं की हाक मारायचे, "ओ सायेब, पांघरूण राहिलं." वकीलसाहेबांनाही सोडलं नाही. आता रोज बारा-तेरा किलो ओला कचरा तिथेच जिरतो.

आता मुद्दा. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतात. त्यांच्या बचत गटाने मला २५ मेच्या रविवारी बोलावलंय. "तुमच्या पिंपाचं आम्हाला शिकवा, आणि पत्र्यावरून पाणी पडतं त्याचंही काय करता येईल ते सांगा." मी हो म्हणून बसले, आणि आता झोप उडालीय. तिथे दहा बाय बाराच्या खोल्या, गॅलरी नाही, अंगण नाही, झाड नाही. पाणी पहाटे दोन-अडीच तास. गंमत बघा, त्याच बाजूला पालिकेचं भांडुप संकुल आहे, जिथे अख्ख्या मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं.

माझा अनुभव आवार असलेल्या बिल्डिंगचा. तिथे काय सांगू?

---

आगाऊ_कार्टा | ९ मे, रात्री १०:५२

काकू, प्रोजेक्टर नेऊ नका. बाकी माझं कचऱ्यातलं ज्ञान हॉस्टेलच्या खोलीपुरतं आहे.

---

लालबागचा_चाळकरी | ९ मे, रात्री ११:३०

कार्ट्याशी पहिल्यांदाच सहमत.

आमच्या चाळीत एका संस्थेने प्रत्येक बिऱ्हाडाला तीन मडक्यांची उतरंड फुकट दिली होती. सुंदर, रंगवलेली. दोन महिन्यांनी निम्म्या घरांत त्यात कांदे-बटाटे होते आणि उरलेली उंदरांनी पालथी घातली होती. आमच्याकडचे उंदीर म्हणजे मांजरांनी रस्ता बदलावा असे. मडक्याचं झाकण त्यांना खेळणं वाटलं.

दहा बाय बारात खताचं भांडं ठेवूच नका. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोप, तिथेच पोरांचा अभ्यास. आठ-दहा घरांत मिळून एक पिंप, आणि त्याची चावी एका बाईकडे. चावी म्हणजे खरंच कुलूप नाही, पण "हे पिंप अमक्या मावशींचं" असं ठरलं की नीट चालतं. सगळ्यांचं असलं की कुणाचंच राहत नाही. चाळीतल्या नळाचा हाच धडा आहे.

---

कुजकट_पण_सुपीक | १० मे, सकाळी ७:०५

गोरेगावहून सुप्रभात. नाव वाचून ओळखलं असेल, बारा वर्षं हाच उद्योग.

पागोळी ताई, 'नत्र-कर्ब गुणोत्तर' हे शब्द तिथे उच्चारू नका. (इथल्या वाचकांसाठी: सुमारे २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र, म्हणजे जंतूंना मानवतं. सालं-देठांत नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. म्हणून तुमच्या दादांचं पांघरूण.) शिकवायचं ते नाकाने आणि हाताने. डोळ्यांत पाणी आणणारा झणका आला तर ओलं जास्त झालंय, सुकं टाका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडलीय, काठीने ढवळा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला की खत झालं.

ओलाव्यासाठी मूठ. पिंपातलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर जास्त, मूठ उघडताच भुगा सांडला तर कमी. लाडू वळला आणि हात नुसता ओलसर झाला तर बरोबर. लाडू वळता येणाऱ्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

विरजण म्हणून आंबट ताक चालतं. त्याहून बरं म्हणजे तुमच्या चालू पिंपातलं दोन मुठी खत. विकतच्या कल्चर पावडरीची गरज नाही, आणि जी गोष्ट दर महिन्याला विकत आणावी लागते ती वस्तीत तीन महिन्यांच्या वर चालत नाही. आमच्याकडे आरेतल्या तबेल्याचं शेण मिळतं, ते तर सोनंच.

अळ्यांना घाबरू नका. जाड, करड्या, सुस्त अळ्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या. ती माशी घरात जेवणावर बसायला येत नाही आणि अळ्या कचरा झपाट्याने खातात. पण हे शास्त्र किळस आलेल्या माणसाला पटत नाही. वर चार बोटं सुका थर टाका, दिसल्या नाहीत की वाद मिटतो.

लाकडाचा भुसा सुताराकडून घेणार असाल तर साध्या लाकडाचा. प्लायवुडच्या भुशात गोंद असतो.

---

शंकेखोर | १० मे, सकाळी ९:४०

सगळ्यांचा उत्साह वाचला. एक अप्रिय प्रश्न विचारतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना 'बल्क जनरेटर' म्हटलंय. २०१७ मध्ये पालिकेने मोठ्या सोसायट्यांना सांगितलं की ओला कचरा तुम्हीच जिरवा. आजूबाजूला बघा, किती सोसायट्यांत यंत्रावर ताडपत्री आहे. स्विगीचे डबे, उरलेली बिर्याणी, सोललेली डाळिंबं हा कचरा कुणाचा? आणि 'जनजागृती' करायला आपण जाणार कुठे? तर जिथे आठवड्याला शिळी भाकरीसुद्धा उरत नाही तिथे. पाणी मोजून भरणाऱ्या बायकांना पाणी वाचवायला शिकवणार. मला हे जरा विचित्र वाटतं.

---

पागोळी | १० मे, दुपारी २:२०

शंकेखोर, तुमचं म्हणणं आज सकाळी पोळ्या लाटताना ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या. मग जे बोलल्या ते असं:

कचरागाडी डोंगराच्या पायथ्याशी उभी राहते, सकाळी सातला. वरून ऐंशी-पंच्याऐंशी पायऱ्या. ज्या बाया सहालाच कामावर निघतात त्यांची गाडी रोज चुकते. मग पिशवी दाराशी राहते, कुत्री फोडतात, किंवा अंधारात घळीत भिरकावली जाते. पाऊस सुरू झाला की तेच सगळं गटारात तुंबतं आणि पाणी खालच्या घरांत. "ताई, आमचा कचरा कमीच हाये. पण वल्ला तेवढा वरच जिरला तर सुक्याची पिशवी आठवड्यातून एकदा नेली तरी भागंल." त्यांना पर्यावरण नको आहे, त्यांना पंच्याऐंशी पायऱ्या कमी करून हव्या आहेत.

माझी झोप उडाली होती ती मी काहीतरी थोर सांगायला जातेय या कल्पनेने. आता जरा बरं वाटतंय.

---

शंकेखोर | १० मे, दुपारी ३:०१

पायऱ्यांचं मान्य. सोसायट्यांचं म्हणणं मागे घेत नाही.

---

माहेर_गुहागर | १० मे, दुपारी ४:१५

आयडी बघूनच जीव हरखला. आमच्याकडे पागोळ्यांखाली ओळीने कळशा, पातेली, घंगाळ, जे हाताला लागेल ते. आजी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवायची, "विहिरीच्या पाण्यात डाळ हट्टाने बसते" म्हणायची. पण पहिल्या दोन पावसांचं पाणी ती कधी धरू देत नसे. "कौलं आंघोळ करतायत, करू दे."

---

पाइपवाला_दहिसर | १० मे, रात्री ९:३०

गुहागरच्या आजींनी माझं निम्मं काम केलं. आम्ही त्याला 'फर्स्ट फ्लश' म्हणतो आणि बिल लावतो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा बाय बाराचा पत्रा साधारण ११ चौरस मीटर. शिंतोडे, गळती धरून मिलिमीटरला दहा लिटर पकडा. म्हणजे २०० लिटरचं पिंप २० मिलिमीटरात भरतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे कैकदा तासाभरात होतं. उपनगरांत चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पडतं, तेव्हा एका पत्र्यावर बावीस हजार लिटर. पण ठेवणार कुठे? तुमच्याकडे जागा एका पिंपाची. त्यामुळे 'साठवण' हा शब्द विसरा. रोज भरायचं, रोज उपसायचं. कपडे, भांडी खंगाळणं, संडास, लादी. जूनमध्ये तलाव तळाला गेलेले असताना हे पाणी कामाला येतं. गेल्या वर्षी ५ जूनपासून १० टक्के कपात होती, आठवत असेल.

साहित्य: चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला की पन्हळ तयार. दहा फुटांना एक इंच उतार. पिंपाच्या तोंडावर नायलॉनची जाळी, तिच्यावर सुती फडकं. पहिला पाऊस बादलीभर बाजूला सोडायचा. पत्रे सिमेंटचे असोत की लोखंडी, हे पाणी पिण्याला नाही. कबुतरं वर काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. बिल्डिंगवाल्यांनीही गच्चीचं पाणी पिण्याच्या टाकीला जोडू नये. मी अशी जोडणी एका ठिकाणी बघितलीय, ती तोडायला सांगून आलो आणि पैसे मिळाले नाहीत.

आता महत्त्वाचं. तिथे शोषखड्डा खणायला सांगू नका. प्रत्येक पुस्तिकेत पहिलं चित्र शोषखड्ड्याचं असतं: खाली दगड, वर खडी, वर वाळू. सपाटीवर, खाली मुरूम असेल तर उत्तम. खाडी बुजवलेल्या चिकणमातीत तो डबकं होतो, पाणी मुरतच नाही. आणि डोंगरउतारावर तो धोका आहे. तिथे माती-मुरुमाचा थर खडकावर बसलेला असतो. त्यात पाणी मुरवलं की थर जड होतो आणि त्याची पकड सुटते. २०२१ च्या जुलैत चेंबूरला आणि विक्रोळीला एका रात्रीत दरडी कोसळून माणसं गेली ते विसरू नका. उतारावर पाणी मुरवायचं नाही, ते लवकर, नीट, पक्क्या गटारातून खाली न्यायचं. भरलेलं पिंप म्हणजे दोनशे किलो वजन, तेही संरक्षक भिंतीच्या कडेला ठेवू नका.

---

पागोळी | १० मे, रात्री १०:०५

पाइपवाले दादा, अंगावर काटा आला. माझ्या वहीत 'मुद्दा ४: शोषखड्डा, आकृतीसह' असं लिहिलेलं होतं. पान फाडलं.

---

सिस्टर_नाइट_ड्यूटी | ११ मे, पहाटे ४:४५

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते.

उघडं पिंप म्हणजे डेंगीच्या डासाचं प्रसूतिगृह. हा एडिस डास बहुधा स्वच्छ, साचलेल्या पाण्याशी अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून काथ्याने घासायचं. घासायचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि वाळली तरी मरत नाहीत. जाळी फाटली की शिवायची. मुंबईने मलेरियापायी ब्रिटिशांच्या काळात कितीतरी विहिरी बुजवल्या, हा जुनाच झगडा आहे.

दुसरं, उंदीर. चाळकरी काकांनी गमतीत लिहिलं, पण दर पावसाळ्यात लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) पेशंट बघणाऱ्या माणसाला ते गमतीचं नाही. खताच्या पिंपात शिजवलेलं अन्न, मासे, मटण नको. भोकं बोटाएवढी नकोत, खिळ्याएवढी. पिंप जमिनीवर नाही, विटांवर. ढवळताना पायात चप्पल आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसरीला द्या.

---

कुजकट_पण_सुपीक | ११ मे, सकाळी ७:२०

सिस्टर, बरोबर. आम्ही बिल्डिंगवाले थोडं शिळं अन्न टाकतो, चालतं. वस्तीत सुरुवातीला फक्त सालं, देठं, चहाचा चोथा, निर्माल्य. अंड्याची टरफलं चुरून.

मला एकच अडचण दिसते. झाड नाही म्हणता. पांघरूण कुठून आणणार?

---

पागोळी | २५ मे, रात्री ९:५०

आत्ता आले. पाय दुखतायत, पायऱ्या ताईंनी सांगितल्या त्यापेक्षा नक्की जास्त आहेत.

समाजमंदिराच्या ओट्यावर तीसेक बाया, दहा-बारा पोरं, आणि मागे भिंतीला टेकून आम्ही ऐकत नाही असं दाखवणारे चार पुरुष. मी दोन आईस्क्रीमचे डबे नेले होते. एकात आमच्या पिंपातलं तयार खत, दुसऱ्यात मुद्दाम आठवडाभर झाकण लावून कोंडून ठेवलेली नुसती सालं. काही न बोलता दोन्ही फिरवले. दुसरा डबा उघडल्यावर जो काही कल्ला झाला! एक पोरगं ओकायचं नाटक करत पळालं. मग पहिला डबा नाकाशी धरून एक म्हातारी आजी खूप वेळ बसली. म्हणाली, "ही तर आमच्या उकिरड्याची माती." साताऱ्याकडची. त्यानंतर पाऊण तास त्याच बोलल्या: उकिरडा कसा थर देऊन रचायचा, राख कधी टाकायची, दिवाळीला त्यावर दिवा का लावायचा. आजूबाजूच्या निम्म्या बायांना गावाकडचं सगळं आठवायला लागलं. ज्यांना शिकवायला गेले त्यांना हे माझ्या जन्माआधीपासून येत होतं. अडलं होतं ते जागेपाशी.

मुठीचा लाडू हिट झाला. 'कुजकट'रावांना सांगा म्हणून निरोप आहे: बेसनाचा नाही, रव्याचा लाडू, तसा वळायला हवा.

आणि पांघरूण! तासभर डोकं खाजवलं. वर्तमानपत्रं कुणाकडे येत नाहीत. वडाची पानं पायथ्याशी, ती कोण वाहून आणणार? तेवढ्यात देवळात झाडलोट करणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेंड्या चालतील का?" नारळाच्या शेंड्या. खाली देवळात रोज नारळ फुटतात, शनिवारी-मंगळवारी तर गोणीभर शेंड्या निघतात आणि त्या कचऱ्यात जातात. एका मावशींनी लगेच एक शेंडी पिंजून दाखवली, अंथरुणातला कापूस पिंजावा तशी.

पाच पिंपं ठरली. बचत गटाने भंगारवाल्याकडून घ्यायची, रसायनाची नाहीत अशी बघून. तीन खताची, दोन पाण्याची. प्रत्येक पिंपाला एक मालकीण. पाण्याची पिंपं कुणाच्या पत्र्याखाली यावरून जे भांडण लागलं ते मी निघाले तरी चालू होतं.

---

कुजकट_पण_सुपीक | २५ मे, रात्री १०:१५

शेंड्या!! बारा वर्षांत सुचलं नाही मला. कुजायला वेळ लावतील, काथ्या सहा-सहा महिने तसाच दिसतो. पण हवा खेळती ठेवायला त्याच्यासारखं काही नाही. खत चाळलं की वर राहिलेला काथ्या परत पुढच्या घाण्याला घ्या. आणि चिरून टाका, लांब ठेवलात तर ढवळताना काठीला जटा होतील.

---

पाइपवाला_दहिसर | २६ मे, दुपारी १:१०

आणि घ्या, आज मान्सून मुंबईत आला म्हणून जाहीर झालं. एरवी ११ जूनची तारीख. पन्हळी लागल्या का?

---

पागोळी | २६ मे, दुपारी १:४०

कुठल्या पन्हळी! पिंपंसुद्धा आली नाहीत अजून. ताईंचा फोन आला होता, "तुम्ही पाऊस शिकवून गेल्या आन् तो रातीच आला." पत्र्याखाली टोप लावलेत सध्या.

---

आगाऊ_कार्टा | २६ मे, दुपारी १:५५

काकूंना पुढच्या वर्षी मराठवाड्यात पाठवा.

---

पागोळी | २८ ऑगस्ट, रात्री १०:३०

गणपतीच्या गडबडीतून वेळ काढून लिहितेय. काल बसवले, आज ताईंकडे दर्शनाला जाऊन आले.

आधी वाईट बातमी. तीनपैकी एक खताचं पिंप बंद. जिच्याकडे होतं ती मुलीच्या बाळंतपणाला गावी गेली, मागे कुणी पांघरूण घातलं नाही, मग वास, मग आमच्या काकूंचा पहिल्या मजल्यावरचा प्रयोग तिथेही झाला. शेजाऱ्यांनी पिंप धुऊन त्यात पाणी भरायला घेतलं. म्हणजे आता पाण्याची तीन आणि खताची दोन. चाळकरी, तुमचं चावीचं शंभर टक्के खरं, फक्त चावीला एक राखीव माणूस लागतो.

दोन पिंपांत मात्र खत झालं. पावसाळ्यात दमट राहतं म्हणून वेळ जास्त गेला, पण आज चाळून दाखवलं. चाळणीला जुन्या टेबल पंख्याची जाळी. पहिलं खत देवळातल्या तुळशीला, उरलेलं थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यांत. त्यांत झेंडू लावलाय, दसऱ्याला विकायचा म्हणतायत. साताऱ्याच्या आजींनी एका खोक्यात गुपचूप मेथी पेरलीय.

पाण्याच्या पिंपांनी जूनमध्ये भांडणं लावली आणि ऑगस्टमध्ये मिटवली. १८-१९ तारखेचा पाऊस आठवतोय ना, तेव्हा दोन दिवस कुणी पायऱ्या उतरलं नाही, धुणीभांडी सगळी पत्र्याच्या पाण्यावर झाली. आणि पाइपवाले दादा, १६ तारखेला विक्रोळी पार्कसाइटला दरड पडून दोघं गेले ते वाचलंत ना? ती बातमी आली त्या दिवशी बचत गटाच्या बाया आपणहून पिंपं भिंतीच्या कडेपासून आत सरकवायला निघाल्या. दोन आधीच आत होती. तिसरं, ते नव्याने पाण्याचं झालेलं, कडेला होतं. आता नाही.

एक प्रश्न आलाय, मला उत्तर आलं नाही. मासे धुतलेलं पाणी खताच्या पिंपात चालेल का? श्रावण संपला, आता रोजच निघणार.

---

कुजकट_पण_सुपीक | २८ ऑगस्ट, रात्री १०:५५

पिंपात नको, मांजरं आणि उंदीर दोन्ही येतील. दहापट पाणी घालून झेंडूच्या बुडाशी थोडं थोडं, तेही मीठ लावण्याआधीचं पाणी. वर मातीचा हात फिरवायचा.

---

सिस्टर_नाइट_ड्यूटी | २८ ऑगस्ट, रात्री ११:२०

छान वाटलं वाचून. पिंपांची झाकणं नीट आहेत ना? सध्या डेंगीचे पेशंट वाढलेत.

---

पागोळी | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१०

दोनांची आहेत. तिसऱ्याचं आत्ता फोन करून विचारलं. ते झाकण मखराखाली टेकू म्हणून लावलंय आणि त्यावर गणपती बसलेत. त्यांच्याकडे गौरीबरोबर जातात, म्हणजे मंगळवारपर्यंत ते निघणार नाही. तोवर पिंपाच्या तोंडाला जुनी साडी बांधलीय.

---

सिस्टर_नाइट_ड्यूटी | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१४

दुहेरी घडी करून बांधायला सांगा. आणि रविवारी एकदा पिंप घासायचं, गौरी जेवायच्या आधी.